नकार देऊ शकेल तोच डॉक्टर

वजन कमी करण्याची इंजेक्शनं आता चाळीसगावातही घरपोच मिळतात. मोबाइलवर फॉर्म भरा, पैसे भरा, डॉक्टरांची चिठ्ठी पीडीएफ होऊन येते आणि दोन-तीन दिवसांत कुरिअरवाला दारात उभा राहतो. या धंद्याविरुद्ध मला लिहायचं आहे. पण आधीच सांगून टाकतो, की मी या औषधांच्या विरोधात नाही आणि मोबाइलवरून डॉक्टरांना दाखवण्याच्या तर अजिबात नाही. आपल्यासारख्या गावांना दोन्हींची गरज आहे. म्हणूनच हा राग आहे.

औषधांची नावं सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं, त्याची नक्कल ही औषधं करतात. भूक कमी लागते, पोट उशिरा रिकामं होतं, साखर आटोक्यात राहते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १,९६१ लोक होते. आहार-व्यायामाचा सल्ला सगळ्यांनाच होता. ६८ आठवड्यांनी सेमाग्लुटाइडवाल्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. म्हणजे हे थोतांड नाही. पण इंजेक्शन बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी साधारण दोन-तृतीयांश परत आलं, हेही त्याच चाचणीच्या पुढच्या भागात दिसलं. म्हणजे जादूही नाही. रक्तदाबासारखा हा लांबचा इलाज आहे आणि लांबच्या इलाजाला डॉक्टर लागतो.

भारतात मौंजारो मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोवी जूनमध्ये. मौंजारोच्या सर्वांत लहान मात्रेची एक कुपी तेव्हा ३,५०० रुपयांना होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला १४ हजार. इतके दिवस किमतीमुळे हे आपल्या मोहल्ल्यापासून दूर होतं. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ची. किमती उतरतील तसे हे फॉर्म घरोघरी पोहोचतील.

आणि ते आधी कोणाकडे पोहोचतील? जिला बाकी सगळ्यांनी नकार दिला आहे तिच्याकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त निघालं. आपल्याकडे अशा बाईला सल्ला द्यायला सगळं गाव मोकळं असतं. रिश्ता बघायला आलेले नाक मुरडतात. नणंद ताटातली पोळी मोजते. कोणी म्हणतं, नफ्सवर काबू नाही. सकाळी फिरायला जा म्हणणारेच, ती एकटी फिरायला निघाली की घरच्यांना जाऊन सांगतात. लठ्ठपणा हा आजार आहे, त्यात अनुवंश आहे, थायरॉइड आणि पीसीओएस आहे, हे कोणी बोलत नाही. मग ती रात्री सगळे झोपल्यावर मोबाइल उघडते. तिथे तिला कोणी टोमणा मारत नाही, कोणी अडवत नाही. या कंपन्यांना गिऱ्हाईक आपणच तयार करून देतो.

त्यात व्हॉट्सॲपवरची आवई, की यात डुकराचं काहीतरी आहे. एकेकाळी इन्सुलिन डुकराच्या स्वादुपिंडातून काढत, तिथून ही भीती आली असावी. पण मौंजारोमधलं टिर्झेपटाइड रासायनिक पद्धतीने बनतं, वेगोवीमधलं सेमाग्लुटाइड यीस्टच्या पेशींमध्ये. शंका असेल तर ती फार्मासिस्टला विचारा, फॉरवर्डला नको.

आता फॉर्मबद्दल. माझा धंदाच फॉर्म लिहिण्याचा आहे. मी अशा एका कंपनीच्या फॉर्ममध्ये माझेच खरे आकडे भरून बघितले. उंची १७३ सेंटिमीटर, वजन ७४ किलो, बीएमआय २४.७. उत्तर आलं, तुम्ही पात्र नाही. खाली बटण होतं, 'माहिती दुरुस्त करा'. मी ७४ चे ८४ केले, रक्तदाबावर टिचकी मारली, आणि पैसे भरायचं पान उघडलं. दवाखान्यात काटा डॉक्टरसमोर असतो, इथे तो गिऱ्हाइकाच्या हातात दिला आहे. हा बग नाही. जिथे माणूस फॉर्म सोडून जातो त्या जागेला आमच्या धंद्यात गळती म्हणतात आणि गळती बुजवणाऱ्याला शाबासकी मिळते. डॉक्टरचा नकार ही कंपनीच्या हिशेबात गळती आहे.

याचा फटका कसा बसू शकतो, ते माझ्याच नात्यातलं सांगतो. खालाची मोठी मुलगी, आम्ही तिला आपा म्हणतो. वय ३८, मधुमेह, वजन ८८ किलो. म्हणजे औषधाची खरी गरज असलेली बाई. तिनेही फॉर्म भरला, चिठ्ठी आली, डॉक्टरचं तोंड दिसलं नाही. ती साखरेसाठी ग्लिमेपिराइडची गोळी घेते. या गोळीबरोबर ही इंजेक्शनं घेतली तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका वाढतो, म्हणून गोळीची मात्रा अनेकदा कमी करावी लागते. 'सध्या कोणती औषधं घेता' हा प्रश्न फॉर्ममध्ये होता, पण त्यावर लाल तारा नव्हता. आपाने तो मोकळा सोडला, फॉर्म पुढे गेला. कुपी आली मे महिन्यात, पारा चाळीसच्या वर असताना. २ ते ८ अंशांत ठेवायचं औषध, आणि डब्यातल्या बर्फाच्या पिशवीचं पाणी झालेलं. चॅटवर विचारलं तर उत्तर आलं, फ्रिजमध्ये ठेवा.

ती कुपी आपाने वापरली नाही. नंतर तिने नाशिकच्या एका तज्ज्ञ डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवलं. त्यांनी घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या कॅमेऱ्यासमोर धरायला लावल्या. थायरॉइडचा कॅन्सर कोणाला होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली का, मूल हवं आहे का, रमजानचे रोजे धरता का, असं सगळं विचारलं. पाणी न पिता दिवसभर मळमळ आणि उलट्या झाल्या तर काय होईल ते समजावलं. चाळीसगावातच रक्त तपासून घ्या म्हणाले आणि पहिल्या दिवशी इंजेक्शन लिहून दिलंच नाही. रिपोर्ट आल्यावर आधी गोळी कमी केली, मग सर्वांत लहान मात्रा सुरू केली. मोबाइल तोच होता. नाशिकचा प्रवास, दिवसभराची रजा आणि सोबतीला कोण जाणार हा वाद मात्र वाचला.

म्हणून 'ऑनलाइन सगळंच बंद करा' म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. बंदी आली तर कंपनी दुसरा धंदा शोधेल, दार बंद होईल ते आपाचं.

नियम नाहीत असंही नाही. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टरने आपली ओळख आणि नोंदणी क्रमांक द्यायचा असतो. योग्य निदानाशिवाय औषध लिहिणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, जाहिरात करून टेलिमेडिसिनसाठी रुग्ण ओढणं हेही. संगणकाच्या कृत्रिम बुद्धीला औषध लिहायची परवानगी नाही. लठ्ठपणावरच्या औषधाची लोकांसमोर जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. पण ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा २०१८ मध्ये निघाला आणि वर्षानुवर्षं मसुदाच राहिला. त्या फटीत हा धंदा वाढला.

सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे. तिच्यावर लठ्ठपणा आणि मधुमेहाच्या तज्ज्ञांची ठरलेली वेळ असावी आणि चाळीसगावच्या सरकारी रुग्णालयात वजन, रक्तदाब, रक्त तपासून तो रिपोर्ट त्या डॉक्टरपर्यंत जावा, ही मागणी आपण लेखी करू शकतो. अशा अर्जावर मोहल्ल्यातल्या बायकांच्या सह्या आधी हव्यात, पुरुषांच्या नंतर.

घरात कोणी हे इंजेक्शन घेत असेल तर टोमणा न मारता दोन प्रश्न विचारा. चिठ्ठीवरच्या डॉक्टरने तुला पाहिलं का? तुझी चालू औषधं विचारली का? एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर खऱ्या डॉक्टरशी बोलल्याशिवाय पुढची सुई नको. सुरू असलेल्या बाकीच्या गोळ्याही स्वतःहून बदलू नका.

आणि वाचणाऱ्यांपैकी जे माझ्याच धंद्यात आहेत त्यांना सांगतो. पुण्यात, बंगळुरात बसून हे फॉर्म आपल्यासारखीच पोरं लिहितात. तो लाल तारा लावणं एका ओळीचं काम आहे. मॅनेजर गळतीचा आकडा दाखवेल, तेव्हा त्याला लेखी कळवा की ही गळती नाही, हा डॉक्टरचा नकार आहे.