कामाच्या तक्त्यात दोन तारखा हव्यात

शेततळे, बांधबंदिस्ती, समतल चर अशी कामे गावात निघाली म्हणजे त्यांचा तक्ता करून भिंतीवर लावण्याची पद्धत आहे. डावीकडे कामांची नावे, माथ्यावर तारखा आणि मध्ये आडव्या पट्ट्या, असे त्याचे रूप असते. हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभी असे तक्ते प्रचारात आणले. ते समजण्यास सोपे असल्यामुळे सर्वत्र रूढ झाले. तथापि या तक्त्यात एक उणीव राहते. प्रत्येक कामास एकच आरंभ व एकच शेवट दाखविलेला असतो. काम पट्टीच्या पुढे गेले की उशीर झाला, एवढेच त्यावरून कळते. तो उशीर परवडण्याजोगा आहे की सर्व काम बुडविणारा, हे कळत नाही.

1957 च्या सुमारास अमेरिकेतील कारखानदारीत आणि 1958 मध्ये तेथील नौदलाच्या कामांत नियोजनाची जी नवी रीत आली, तिने या प्रश्नाचे उत्तर दिले. प्रत्येक कामाच्या दोन तारखा काढावयाच्या. आधीची कामे वेळेवर उरकल्यास हे काम लवकरात लवकर केव्हा होईल, ही पहिली. अखेरची मुदत न चुकविता ते उशिरात उशिरा केव्हा संपविता येईल, ही दुसरी. दोहोंतील अंतर म्हणजे सवड. नाव नवे असले तरी शेतकऱ्यास हा विचार परका नाही. मृग लागल्यावर पेरणी केव्हापासून करावी आणि कोणत्या नक्षत्रापलीकडे नेऊ नये, हे तो पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. भिंतीवरील तक्त्याला मात्र ते अजून ठाऊक नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील शेततळ्याचे उदाहरण घेता येईल. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद व 3 मीटर खोल आणि एकास एक उताराच्या बाजू, अशा तळ्यात 2,196 घनमीटर माती निघते. मजुरामागे रोजी दोन घनमीटर धरल्यास हे 1,098 मनुष्यदिवसांचे काम होय. म्हणजे 37 मजूर लावले तर खोदाईस 30 दिवस लागतील. 1 एप्रिलला आरंभ करून आखणीस 4, खोदाईस 30, भराव घालून धुम्मस करण्यास 6 आणि आवक मार्ग व सांडव्याच्या दगडी पिचिंगला 6 दिवस धरले, तर काम 16 मे रोजी पुरे होते. पाऊस जूनमध्ये येतो. वळवाच्या सरी त्याआधीही येतात. यास्तव 31 मे ही अखेरची मुदत मानावी. तेथून मागे मोजीत आल्यास पिचिंग 26 मेपर्यंत, भराव 20 मेपर्यंत, खोदाई 20 एप्रिलपर्यंत आणि आखणी 16 एप्रिलपर्यंत सुरू झालीच पाहिजे. सवड 15 दिवसांची आहे. पिचिंगसाठी दगड वाहून आणण्याचे काम आठ दिवसांचे. ते 5 एप्रिलला सुरू करता येते आणि 18 मेपर्यंत लांबविले तरी चालते. त्यास 43 दिवसांची सवड आहे. एकेरी तक्त्यात आखणी आणि दगडवाहतूक यांच्या पट्ट्या सारख्याच दिसतात. गाड्या व माणसे अपुरी असतील तेव्हा कोणते काम थांबवावे, हे अशा तक्त्यावरून सांगता येत नाही, आणि बहुधा चुकीचेच काम थांबविले जाते.

यात एक गोष्ट नीट समजून घेणे अगत्याचे आहे. आखणी, खोदाई, भराव व पिचिंग या प्रत्येकापुढे 15 दिवस लिहिलेले दिसतील. ते चार वेगवेगळे पंधरवडे नव्हेत. पंधरवडा एकच असून तो चौघांत सामाईक आहे. आखणी करणाऱ्याने तो आधीच वापरून टाकला, तर खोदाई करणाऱ्याच्या वाट्यास काही उरत नाही. या जिल्ह्यात तर त्या पंधरवड्यास मागणीही फार. अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस गुजरातेत जातात. भोंगऱ्या बाजारासाठी व होळीसाठी ती गावी येतात आणि पुष्कळदा पुन्हा परततात. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई असते, आखाजी येते. सणासाठी माणसाने काम थांबवू नये, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. तो कोणी मानणारही नाही. ते दिवस सवडीतून खर्ची पडणार, हे आधीच धरून चालावे, एवढेच नियोजन करणाऱ्याच्या हाती आहे.

अखेरची तारीख लोकांपुढे मांडली की लोक त्या तारखेपर्यंत थांबतात, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. परंतु ती लपविल्याने होणारे नुकसान अधिक आहे. केवळ लवकरच्या तारखा लिहिल्या तर दोन दिवसांचा निरुपद्रवी उशीरही अपराध ठरतो. मग कार्यकर्ता तो कागदावर येऊ देत नाही, आणि खरोखर घातक उशीर झाला तरी त्याचा सुगावा लागत नाही. अर्धवट राहिलेल्या तळ्यात पहिल्याच पावसाने कच्चा भराव वाहून येतो. काळ्या जमिनीत त्यानंतर वाफसा येईपर्यंत पाऊलही टाकता येत नाही. यास्तव लवकरच्या तारखांची पट्टी ठळक भरावी आणि तिच्या पुढे अखेरच्या तारखेपर्यंत बारीक तुटक रेघ ओढावी. दोन निराळ्या ओळी करू नयेत. तक्ता दुप्पट लांब होतो आणि कोणी वाचीत नाही.

लवकरची तारीखही केवळ आधीच्या कामावरून ठरते असे नाही. जमीन तयार व विहिरीस पाणी आहे म्हणून कपाशी मे महिन्यात लावली, तर तिला फुले व पात्या लवकर येतात आणि गुलाबी बोंडअळीच्या पतंगांना आयतेच खाद्य मिळते. 2017 मध्ये महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना या अळीने किती पोळले, हे सर्वश्रुत आहे. तेव्हा पेरणीच्या तक्त्यात कपाशीची पट्टी जूनच्या आत सुरू होऊ नये, आणि कोरडवाहू शेतात 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडेपर्यंत तर नाहीच.

तक्ता शाईने भरू नये, पेन्सिलीने भरावा. आठवडी बाजाराच्या दिवशी झालेले काम पाहून पुढील पट्ट्या सरकवाव्यात आणि उरलेली सवड कोपऱ्यात आकड्याने लिहावी. खोदाई 4 मेऐवजी 10 मेला संपली असेल तर तेथे 15 खोडून 9 लिहावे लागेल.