हातोडी कुणाच्या मुलांनी धरायची?

अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात लोखंड कापायची करवत द्यावी का, या विषयावर आमच्या रो-हाउस सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर एका रविवारी दुपारपर्यंत चाळीसेक मेसेज पडले होते. ‘जबाबदारी कोण घेणार?’ हा प्रश्न सात जणांनी विचारला. दोघांनी तुटलेल्या बोटांचे व्हिडिओ टाकले. एका काकांनी लिहिलं, ‘अशी कामं करायला माणसं मिळतात की!’ त्याच आठवड्यात कुणीतरी तक्रार केली होती की तेरा-तेरा वर्षांची पोरं सोसायटीत स्कूटर पळवतात. तिच्यावर दोनच प्रतिक्रिया आल्या. त्यातली एक हसरी इमोजी होती.

म्हणजे आपल्याला धोक्याची भीती वाटते खरी, पण ती फार निवडून वाटते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दहा वर्षांपुढच्या प्रत्येक मुलामुलीला साधं धातुकाम शिकवलं पाहिजे. खऱ्या हत्यारांनी, खऱ्या लोखंडावर, आणि शाळा कधीतरी सुरू करेल याची वाट न बघता घरच्या गॅरेजात. त्यात धोका आहे आणि तो सांभाळता येतो. आपण जो बाऊ करतो, तो मात्र बोट कापण्याचा कमी आणि आपलं मूल ‘तसली’ कामं करायला लागेल याचा जास्त असतो.

गॅरेजात नेमकं काय चालतं

दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा, चार मुलं येतात. वय दहा ते तेरा. दोन मुली, दोन मुलगे. त्यातली एक माझी भाची. शटर पूर्ण वर करायचं आणि गाड्या बाहेर काढायच्या, हे पहिलं काम. पेट्रोलची टाकी आणि धातुकाम एका छताखाली नको.

सुरुवात तारेपासून होते. दोन मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची तार, पक्कड आणि कागदावर काढलेलं चित्र. चित्राबरहुकूम वाकवून की-चेन करायची. दोन रविवार एवढंच. मग पाच मिलिमीटरची माइल्ड स्टीलची सळई. ती व्हाइसमध्ये घट्ट पकडून थंडच ठोकून वाकवायची आणि पिशव्या अडकवायचा हूक करायचा. इथे मुलांना पहिल्यांदा कळतं की वाकणात किती लांबी जाते ते आधी मोजावं लागतं. मग लोखंडी पट्टी: खूण करणं, सेंटर पंचाचा ठोका, करवतीनं कापणं, कानशीनं कडा साफ करणं, भोक पाडणं. आणि हे सगळं हाताखालून गेलं की तांब्याचा पत्रा, लाकडाच्या ठोकळ्यातल्या खळग्यावर ठोकून केलेली छोटी वाटी.

या वाटीत जेवढं विज्ञान आहे तेवढं आमच्या कुठल्याही प्रॅक्टिकलमध्ये नव्हतं. तांबं ठोकत गेलं की कडक होतं. एका टप्प्यावर हातोडीचा आवाज बदलतो आणि पत्रा ऐकेनासा होतो. तेव्हा तो मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवला की पुन्हा मऊ होतो. आता मुलांनी कुठेतरी ऐकलेलं असतं की तापवून पाण्यात बुडवलं की धातू टणक होतो. ते छिन्नीसारख्या पोलादाबाबत खरं आहे, तांब्याबाबत नाही. ‘असं का?’ हा प्रश्न न शिकवता येतो. तापवायचं काम माझं, तेही अंगणात, आणि मुलं चार पावलं मागे.

आता नियम. प्रत्येकाला कारण आहे आणि ते मुलांना पाठ आहे.

शटरच्या आत पाऊल टाकायच्या आधी गॉगल. केस बांधलेले, हुडीच्या दोऱ्या आणि ओढण्या बाहेर, पायात बंद बूट, अंगात सुती कपडे. ड्रिल चालू असताना हातमोजे घालायचे नाहीत, कारण फिरणाऱ्या ड्रिलमध्ये मोजा अडकला की हात ओढला जातो. भोक पाडायची वस्तू हातात धरायची नाही, व्हाइसमध्ये धरायची. मूठ नसलेली कानस वापरायची नाही, तिचं टोक तळहातात घुसतं. लोखंडाचा कीस फुंकायचा नाही, ब्रशनं झाडायचा, नाहीतर तो डोळ्यात जातो. पत्र्याची कापलेली कड करवतीपेक्षा जास्त कापते, म्हणून आधी कानस, मगच बोट. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरलं असेल तर ती बाद, कारण त्याचे तुकडे उडतात. जीआयचा पत्रा किंवा तार कधीच तापवायची नाही, त्यावरच्या जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. तापलेलं तांबं आणि थंड तांबं लाली विरल्यावर सारखंच दिसतं, म्हणून खाली पडलेली वस्तू उचलायच्या आधी हाताची मागची बाजू तिच्याजवळ न्यायची, न टेकवता. भाजलं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट नाही, हळद नाही. ग्राइंडर आणि वेल्डिंग या मुलांसाठी नाहीतच. आणि कुणाचाही मोबाईल आत येत नाही, माझाही नाही.

दोन वर्षांत या गॅरेजात काही बारीक काप आणि एक काळंनिळं झालेलं अंगठ्याचं नख, एवढी नोंद आहे. क्रिकेटच्या मैदानावर यापेक्षा जास्त होते. म्हणून कुणी बॅट जप्त करत नाही.

जोडणं आणि बनवणं

‘मग रोबोटिक्सला घाला ना!’ हे मला सगळ्यात जास्त वेळा ऐकवलं जातं. रोबोटिक्सशी माझं भांडण नाही, पण त्या किटमधला प्रत्येक तुकडा आधीच मोजलेला, कापलेला आणि भोकं पाडलेला येतो. जे कठीण होतं ते कारखान्यात कुणीतरी करून ठेवलं आहे. मुलाच्या वाट्याला स्क्रू पिळणं आणि व्हिडिओत बघून वायर लावणं उरतं. शेवटी गाडी चालते, सर्टिफिकेट मिळतं, आई-बाबा स्टेटस ठेवतात.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. दिवसातून शंभर वेळा मागे जातो: लिहिलेलं पुसतो, जुनी आवृत्ती परत आणतो. सॉफ्टवेअरसाठी ते उत्तमच आहे. पण ज्या मुलाला फक्त हेच ठाऊक आहे, त्याला 60 मिलिमीटरची पट्टी 58 ला कापली गेल्यावर काय करायचं ते कळत नाही. तो माझ्याकडे बघतो. मी काही बोलत नाही, कारण बोलण्यासारखं काही नसतं. पट्टी दोन मिलिमीटर कमी आहे. मार्क कापणारे सर नाहीत, ओरडणारी आई नाही, तरीही चूक समोर पडलेली आहे. दुसऱ्या पट्टीला हेच मूल तीनदा मोजतं. ही सवय मी कुठल्याही कोडिंग क्लासला लावताना पाहिलेली नाही, आणि आता तर कोड लिहून द्यायलाही मशीन आलं आहे.

इंजिनियरिंग कॉलेजांनी ही कसर भरून काढावी, तर तिथला कारभार आणखी गमतीचा. पहिल्या वर्षाला ‘वर्कशॉप’ असतं. अठरा वर्षांची मुलं तिथे आयुष्यात पहिल्यांदा कानस धरतात. आमच्या कॉलेजात फिटिंगचा जॉब गेटबाहेर तयार मिळायचा. मागच्या वर्षीचाच जॉब पॉलिश पेपर मारून पुन्हा जमा व्हायचा, हे सगळ्यांना माहीत असायचं, तपासणाऱ्यांनाही. पुढे त्यातल्या कित्येकांना मेकॅनिकलची डिग्री मिळाली.

फिनलंड फॉरवर्ड करणाऱ्यांसाठी

फिनलंडमध्ये परीक्षा कमी, गृहपाठ कमी, असे मेसेज आपल्याकडे दर महिन्याला फिरतात. त्यातून एक गोष्ट हमखास गळते. तिथल्या शाळांमध्ये हातकाम 1866 पासून सक्तीचं आहे, आणि आजही मुलं-मुली लाकूड, धातू, कापड यांवर खऱ्या हत्यारांनी काम करतात. आपल्याला त्यातला गृहपाठ नसलेला भाग तेवढा आवडला.

आणि फिनलंडपर्यंत जायचं तरी कशाला? 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेली नई तालीम हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचीच होती. 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्तान लिव्हरमध्ये शास्त्रज्ञ असलेला माणूस दुष्काळी गावात जाऊन राहिला आणि शाळेतल्या मुलांना वेल्डिंगपासून शेतीपर्यंत सगळं करून शिकण्याची पद्धत त्यानं उभी केली. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबांपैकी एक या पाबळात आली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांबरोबर काम करण्याची शिफारस आहे. त्याच धोरणात याच वयाला कोडिंगही आहे. यातलं कोडिंग पालकांनी दोन्ही हातांनी उचललं. कारागिरांबरोबरचे दहा दिवस कुठल्या शाळेनं नीट भरवले, हे विचारायला कुणी पालकसभेत उभं राहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

रजिस्टरवरची सही

कानस धरायची योग्य पद्धत मुलांनी जाणत्या हाताकडून शिकावी म्हणून मी आमच्या भागातल्या एका फॅब्रिकेशनवाल्यांना एका रविवारी बोलावलं. ग्रिल, जिने, शेड करण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली आहेत. गेटवर त्यांना रजिस्टरमध्ये सही करायला लावली, आधार कार्डाचा फोटो काढला, पिशवी उघडून दाखवायला सांगितली. ते सही करत होते तेव्हाच रोबोटिक्सवाले सर, वय तेवीस-चोवीस, लॅपटॉपची बॅग पाठीला लावून हात वर करून आत गेले. वॉचमनला दोष देत नाही. कुणाची पिशवी उघडायची, हे त्याला कमिटीनं सांगितलेलं आहे.

त्या दिवशी त्यांनी मुलांना पाय किती अंतरावर ठेवायचे, जोर मनगटातून न लावता अंगातून कसा लावायचा, पुढे जाताना दाब आणि मागे येताना सैल, हे दाखवलं. माझी भाची म्हणाली, ‘सर, तुम्ही कुठे शिकलात?’ ते जरा थांबले. ‘वडिलांच्या हाताखाली. शाळा सातवीत सुटली.’ निघताना मला हळूच म्हणाले, ‘माझ्या पोराला मात्र मी दुकानात पाऊल टाकू देत नाही, दादा.’

या विषयावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप हाच आहे. हातोडीचं कौतुक कुणाला परवडतं? लोहाराच्या, कासाराच्या, घिसाड्याच्या पोराला ती कधी निवडता आली नाही. ती जन्मानं हातात आली आणि शाळा हातातून गेली. रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या घिसाडी कुटुंबात आठ-नऊ वर्षांची मुलगी विस्तवाला वारा घालते आणि तिची आई घण मारते. आपण ते सिग्नलला थांबून बघतो. तिच्या सुरक्षिततेसाठी कुठल्या ग्रूपवर चाळीस मेसेज येत नाहीत. 1986 चा बालकामगार कायदा 2016 मध्ये बदलला तेव्हा चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर सरसकट बंदी आली, पण शाळेच्या वेळेबाहेर घरच्या धंद्यात मदत करण्याची सवलत राहिली. कायद्यातल्या या फटीतून कुणाची मुलं जातात, हे वेगळं सांगायला नको.

म्हणूनच मी म्हणतो, सुरुवात आपल्या घरातून व्हायला हवी, त्यांच्या नव्हे. डॉ. आंबेडकरांनी 1936 सालीच दाखवून दिलं होतं की जात नुसती कामं वाटत नाही, काम करणारी माणसंच वेगवेगळ्या कप्प्यांत बंद करते. ‘अशी कामं करायला माणसं मिळतात’ हे वाक्य त्याच कप्प्यातून आलेलं आहे. कारागिराच्या मुलानं कप्प्यात राहावं, असं माझं म्हणणं नाही. त्यानं डॉक्टर व्हावं, कोड लिहावा, काय वाटेल ते करावं. पण डॉक्टरांच्या आणि आयटीवाल्यांच्या मुलांनी त्या कप्प्याचं दार आतून बघायला पाहिजे. स्वतःच्या हातानं एक कड सरळ करायला चाळीस मिनिटं लागली, की ग्रिलवाल्याशी पाचशे रुपयांसाठी घासाघीस करताना जीभ जड होते. निदान व्हायला हवी.

माझ्या भाचीनं वाटी केली तर ती ‘क्रिएटिव्ह’, आणि त्यांच्या मुलानं केली तर तो ‘मिस्त्रीचा पोरगा’. हा फरक जोवर आहे तोवर त्यांनी मुलाला दुकानात येऊ देऊ नये, हे त्यांचं बरोबरच आहे. तो फरक मिटवायचं काम त्यांचं नाही, आपलं आहे.

तर, करायचं काय

हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांना अजून मुलं नसतील. मलाही नाहीत. पण भाचे, पुतण्या, शेजारची पोरं सगळ्यांनाच असतात. छोटा व्हाइस, दोन कानशी, हॅक्सॉ, मुलांच्या हाताला पेलेल अशी पाव किलोची हातोडी, पक्कड आणि प्रत्येकाला गॉगल, हे सगळं पुण्यात बोहरी आळीत फिरलात तर तीन-चार हजारांत बसतं. गॅरेज नसेल तर पार्किंगचा एक कोपरा, तोही नसेल तर धूळ खात पडलेलं क्लबहाउस. व्हाइस मुलाच्या कोपराच्या उंचीला हवा, नसेल तर पायाखाली पाट द्या. एका मोठ्या माणसामागे दोन मुलं, फार तर चार, आणि त्या मोठ्या माणसानं दोन तास दुसरं काहीही करायचं नाही. आधी स्वतः महिनाभर शिका, आणि जे तुम्हाला येत नाही ते मुलांना देऊ नका.

शिकायला जाल ते तुमच्या गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडे जा. रोबोटिक्सच्या क्लासला तासाला जेवढे देता तेवढेच त्याला द्या, आणि घासाघीस करू नका. मुलांच्या देखत त्याला सर म्हणा. आणि त्याला घरी बोलावलंत, तर त्या दिवशी गेटवर स्वतः जाऊन उभे राहा.