पंच कोणत्या पुस्तकाने न्याय देणार?

दिवाळी सरली, कापसाची पहिली वेचणी घरात आली आणि तूर फुलोऱ्यावर आली, की बार्शीटाकळी तालुक्यातील गावोगाव कबड्डीच्या सामन्यांचे फलक झळकू लागतात. बार्शीटाकळीच काय, अकोल्यापासून अमरावतीपर्यंतच्या साऱ्या वऱ्हाडात हिवाळा हा कबड्डीचा हंगाम. शाळेच्या पटांगणातील काळी ढेकळे फोडून, पाणी मारून, रोलर फिरवून मैदान सिद्ध होते. फक्कीच्या रेषा ओढल्या जातात. पहिल्या बक्षिसाची रक्कम कोणी व्यापारी, कोणी पुढारी आपल्या नावाने जाहीर करतो आणि मोटारसायकलींवरून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आलेले संघ रात्री उशिरापर्यंत दिव्यांच्या झोतात खेळतात. या उत्साहात एक दृश्य मात्र आता इतके ओळखीचे झाले आहे, की त्यास अपवाद म्हणण्याची सोय राहिलेली नाही. सामना रंगात आलेला असतो, शेवटच्या काही चढाया उरलेल्या असतात, पंचाची शिट्टी वाजते आणि क्षणार्धात एक संघ पंचाभोवती कडे करतो. प्रेक्षक दोरी ओलांडून आत येतात. कोणीतरी मोबाइलवर टिपलेले चित्र पंचाच्या नाकासमोर धरतो. अर्धा तास खेळ बंद राहतो, कधी तो पुन्हा सुरूच होत नाही.

या प्रकाराची कारणमीमांसा दोन ठरीव वाक्यांत उरकण्याचा प्रघात आहे. हरलेल्यांच्या मते पंच पक्षपाती असतो आणि संयोजकांच्या मते हल्लीची पिढी बेशिस्त असते. दोन्ही आरोपांत थोडे तथ्य असेलही. पाहुण्या संघाचा पंच आणि यजमान गावचा चहा यांचा संबंध कधीच आला नाही, असे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. तथापि मैदानावर चाललेला वाद जवळ जाऊन ऐकला, तर निराळीच गोष्ट ध्यानात येते. प्रेक्षक ज्या नियमाचा दाखला देत असतो, तो नियम पंचाच्या पुस्तकात नसतो, आणि पंच ज्या नियमाने निर्णय देतो, तो प्रेक्षकाने कधी ऐकलेला नसतो. दोघेही प्रामाणिक असतात, आणि म्हणूनच भांडण मिटत नाही.

याची सुरुवात २०१४ साली झाली. त्या वर्षी प्रो कबड्डी लीग दूरचित्रवाणीवर आली आणि शहरातल्या सुशिक्षितांनी ज्या खेळाकडे पाठ फिरवली होती, तो घरोघरच्या बैठकीत जाऊन बसला. हे श्रेय त्या लीगला दिलेच पाहिजे. पण दूरचित्रवाणीला संथपणा मानवत नाही. सलग दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली, तर एक गुण अधिक. चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ. निर्णय अमान्य असेल, तर चित्रफीत पाहून फेरविचाराची मागणी. अशा तरतुदींनी खेळ चुरशीचा झाला, यात शंका नाही. मात्र या नियमांपैकी कोणता केवळ लीगपुरता, कोणता महासंघाने सर्वत्र लागू केलेला आणि कोणता पुढील हंगामात बदलणार, हे पडद्यावरचा समालोचक सांगत नाही. बार्शीटाकळीच्या प्रेक्षकाने जे पाहिले, त्यालाच त्याने कबड्डी मानले, आणि त्यात त्याची चूक काढता येणार नाही.

नियम बदलू नयेत, असे कोणी म्हणेल तर ते इतिहासाला धरून होणार नाही. हुतूतूला नियमांची चौकट देण्याचे प्रयत्न १९१८ च्या सुमारास महाराष्ट्रात सुरू झाले आणि १९२३ साली ते नियम छापले जाऊन बडोद्यास त्यांनुसार स्पर्धा झाली. तत्पूर्वी दर मुलखाची रीत वेगळी होती. संजीवनी, गामिनी आणि अमर हे तीन प्रकार जुन्या खेळाडूंच्या तोंडी अजून आहेत. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी पुन्हा उठतो. गामिनीत बाद झालेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसून राहतो. अमरमध्ये बाद होऊनही तो मैदान सोडत नाही, फक्त गुण मोजला जातो. यांपैकी संजीवनीच्या पायावर आजची कबड्डी उभी राहिली. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, तेव्हा वऱ्हाडने या खेळाला सातासमुद्रापलीकडे नेले होते. १९५० साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कबड्डीचे प्रदर्शन झाले आणि १९९० साली बीजिंगमध्ये तिला पदकाच्या खेळाचा मान मिळाला. या प्रत्येक टप्प्यावर काही सोडावे लागले, काही नवे घ्यावे लागले.

जुन्या जाणत्यांना सर्वांत जास्त सलतो तो दम. एका श्वासात ‘कबड्डी, कबड्डी’ असा अखंड घोष करीत प्रतिपक्षाच्या हद्दीत जायचे आणि श्वास तुटण्याआधी मध्यरेषा गाठायची, हा या खेळाचा प्राण होता. पंच तेव्हा डोळ्यांइतकाच कानांनी निर्णय देई. चढाईपटूचा दम तुटला की नाही, हे दोरीबाहेर बसलेल्या म्हाताऱ्यालाही कळे. तीस सेकंदांच्या घड्याळाने त्या दमाचे महत्त्व जवळजवळ संपविले. नियमाच्या पुस्तकात घोष आजही आहे, पण प्रेक्षकांच्या गलक्यात तो कोणाला ऐकू येतो? कागदावर जिवंत आणि मैदानावर मृत असा नियम हे पंचाच्या गळ्यातले लोढणेच होय. त्याने तो लावला तर तरुण हसतात, न लावला तर वृद्ध चिडतात.

दोन पुस्तकांचा हा घोळ केवळ खेड्यातल्या अज्ञानापोटी होतो, असा कोणाचा समज असेल, तर त्याने ७ ऑक्टोबर २०२३ चा दिवस आठवावा. चीनमधील हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण यांची २८-२८ अशी बरोबरी होती आणि जेमतेम मिनिटभर वेळ उरला होता. भारताचा कर्णधार पवन सेहरावत निर्णायक चढाईवर गेला आणि कोणासही स्पर्श न होता बाजूच्या राखीव पट्ट्यात उतरला. त्याला धरण्यासाठी इराणचे बचावपटूही त्या पट्ट्यात शिरले. आता बाद कोण? प्रो कबड्डीत रुळलेल्या नियमाप्रमाणे चढाई तेथेच संपते आणि चढाईपटू एकटा बाद होतो. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पुस्तकाप्रमाणे स्पर्शाविना त्याच्यामागे पट्ट्यात शिरलेले बचावपटूही बाद ठरतात. पंचांनी एक निर्णय दिला, तो फिरवला, पुन्हा फिरवला. कधी भारतीय खेळाडू मैदानात ठाण मांडून बसले, कधी इराणी. तासाभराच्या खोळंब्यानंतर निकाल भारताच्या बाजूने झुकला आणि भारताने ३३-२९ असा सामना जिंकला. सुवर्णपदकाच्या आनंदात आपल्याकडे तो वाद विसरला गेला. मैदानात अनेक कॅमेरे होते, निवडक पंच होते, दोन्ही संघांत लीगमध्ये खेळलेले खेळाडू होते. तरीही शेवटच्या मिनिटाला कोणते पुस्तक उघडायचे, याचा उलगडा होईना. मग ग्रामपंचायतीच्या दोन दिव्यांखाली उभ्या असलेल्या, बस पकडून आलेल्या क्रीडाशिक्षकाकडून कोणी काय अपेक्षा करावी?

त्याची खरी कसोटी पाहायची, तर बोनस गुणाकडे पाहावे. बचावाचे सहा किंवा सात गडी मैदानात असताना चढाईपटूने बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवायचा, आणि त्या क्षणी त्याचा मागचा पाय हवेत असला पाहिजे. गादीवर रंगवलेल्या रेषेशी, संथ गतीने पुन्हा दाखवलेल्या चित्रात हे स्पष्ट दिसते. काळ्या मातीवर फक्कीची रेषा पहिल्या दहा मिनिटांत पायांखाली विस्कटून जाते. उरतो तो पांढुरका डाग. त्या डागाच्या अलीकडे की पलीकडे, आणि मागचा पाय हवेत की जमिनीवर, हे दोन्ही एकाच नजरेत टिपण्याची सक्ती पंचावर असते. पुस्तकात सामन्यासाठी एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि त्याचे दोन साहाय्यक असा सरंजाम सांगितलेला आहे. गावच्या सामन्यात बहुधा दोघांत सारे भागते, आणि सरपंच म्हटला की तो व्यासपीठावर हार घालून बसलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, की हा अखेर खेळ आहे, एवढे मनाला कशाला लावून घ्यावे? गावच्या खुल्या सामन्यापुरते ते ठीक आहे. पण हीच अनिश्चितता शालेय क्रीडा स्पर्धांतही शिरते, आणि तेथे गोष्ट गंभीर होते. तालुक्यातून जिल्हा, जिल्ह्यातून अमरावती विभाग, विभागातून राज्य अशी ती शिडी आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेतील सवलतीचे क्रीडागुण आणि शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण याच शिडीच्या वरच्या पायऱ्यांना बांधलेले आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलासाठी, आणि त्याहूनही अधिक त्याच्या मुलीसाठी, पोलीस वा वनखात्यातील नोकरीचा हा एक सरळ मार्ग असतो. तालुक्याच्या पटांगणावर एका चुकलेल्या निर्णयाने संघ हरला की तो मार्ग त्या वर्षापुरता बंद होतो, आणि शाळेची वर्षे मोजकीच असतात. पंचाभोवती कडे करणाऱ्या मुलांच्या आवाजातील चीड केवळ चषकासाठी नसते. त्या चिडीचे समर्थन करावयाचे नाही. २०२५ च्या आरंभी अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निकालावरून पंचावर लाथ उगारली गेली आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. ती शिक्षा योग्यच होती. पण पंचावर हात टाकणाऱ्याला शिक्षा होते आणि पंचाला दोन पुस्तकांच्या कात्रीत सोडणाऱ्यांना कोणी जाब विचारीत नाही, हा न्याय एकतर्फी आहे.

जाब विचारायचा तो कोणाला, हाही प्रश्न सोपा नाही. भारतीय हौशी कबड्डी महासंघाचा कारभार २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने प्रशासकाकडे गेला आणि तो निवडून आलेल्या मंडळाकडे सोपविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाकडून येण्यास २०२५ चा फेब्रुवारी उजाडला. मधल्या साडेसहा वर्षांत लीग मात्र नेमाने रंगत राहिली. तिला टाळेबंदीने अडवले तेवढेच. घरचे कर्ते कोर्टात गुंतले, की पाहुणाच घरातील रिवाज ठरवू लागतो, तसे काहीसे येथे झाले.

परदेशांतही हे दुखणे आहे. ऑस्ट्रेलियातील फुटबॉलमध्ये २०२१ साली एक नियम आला. प्रतिस्पर्ध्याने चेंडू झेलला की त्याच्यासमोर खुणेवर उभ्या असलेल्या खेळाडूने जागचे हलायचे नाही. हलला तर पन्नास मीटरचा दंड. तेथील प्रेक्षक त्यावर अद्याप कुरकुरतात, पंचांना दूषणे देतात. पण नियम कोणता, याविषयी तेथे दुमत नसते. क्रिकेटचे सुधारलेले नियम १ ऑक्टोबर २०१७ पासून अमलात आले, तेव्हाही ती तारीख आधी जाहीर झालेली होती. नावडता नियम प्रेक्षक अखेर पचवतो. न कळवलेला नियम त्याला फसवणूक वाटतो.

करावयाचे काम खर्चाचे नाही. विदर्भाची कबड्डी संघटना महाराष्ट्राच्या संघटनेहून स्वतंत्र आहे आणि राष्ट्रीय स्पर्धेत आपला संघ उतरवते. तिच्यापाशी अधिकार आहेत. हंगामापूर्वी त्या वर्षी लागू असलेल्या नियमांची एक मराठी पत्रिका तिने काढावी. प्रो कबड्डीतील कोणती तरतूद येथे चालणार नाही, हे तीत ठळकपणे छापावे आणि हंगाम संपेपर्यंत एकही अक्षर बदलू नये. प्रत्येक संयोजकाने ती नाणेफेकीपूर्वी ध्वनिवर्धकावरून वाचून दाखवावी आणि दोन्ही कर्णधारांच्या सह्या घ्याव्यात. गादी सर्वत्र परवडणार नाही, पण मध्यंतरात फक्कीच्या रेषा पुन्हा ओढण्यास पैसा लागत नाही. मोबाइलवरचे चित्र पुरावा मानायचे की नाही, हेही आधीच ठरवावे. मानायचे असेल तर ते कोणी, कोणत्या बाजूने टिपायचे आणि ते पाहण्याची मागणी किती वेळा करता येईल, हे लिहून ठेवावे. आणि पंचाला प्रवासखर्चाचा कागद हाती देऊन वाटेला लावण्याऐवजी त्याची वर्षातून एकदा उजळणी घ्यावी. तालुक्यातले अनुभवी पंच आता बोलावणे आले की काही ना काही सबब सांगू लागले आहेत, आणि त्यांच्या जागी शिट्टी हाती घेणारा तरुण सहजासहजी मिळत नाही.

वऱ्हाडातील सामन्यांच्या वर्गणीच्या पावत्या दिवाळीनंतर फाटू लागतात. दोन पानांची पत्रिका छापून ती बार्शीटाकळीपर्यंत पोहोचविण्यास त्याआधीचा पावसाळा पुरेसा आहे.