कोऱ्या मावळ्यांचा कैवार

दिवाळीच्या किल्ल्यावर उभे करावयाचे मावळे रंगवून तयार असलेले विकत आणावेत, कीं कोरे आणून घरच्या मुलांनीं रंगवावेत, हा प्रश्न पुष्कळांस क्षुल्लक वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाहीं. ज्या घरांतून मुलांच्या अभ्यासाची, आहाराची, झोपेचीसुद्धां इतकी चिकित्सा चालते, त्याच घरांतून त्यांच्या हातांस कोणतें काम मिळतें याची विचारपूस कोणी करीत नाहीं. चकचकीत रंगाचे शिवाजी महाराज, दोन तोफा आणि डझनभर मावळे बाजारांतून आणले, चिखलाच्या ढिगावर मांडले, पणती लावली, छायाचित्र काढलें, कीं इतिहासाचें ऋण फिटलें, असा आमच्या सुशिक्षित वर्गाचा समज झालेला दिसतो. या समजाविरुद्ध चार शब्द लिहिणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

किल्ल्याची ही हौस मूळची पुण्याकडची. पण ती आतां जिंतूर तालुक्यांतील आमच्या बोरीसही येऊन पोंचली आहे. २०२५ च्या जुलैंत युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. त्यांतले अकरा महाराष्ट्रांत आणि बारावा तमिळनाडूंतील जिंजी. मराठवाड्यांतील त्यांत एकही नाहीं. तेव्हां बोरीच्या मुलाला त्याच्या अंगणांतला किल्ला हाच खरा जवळचा किल्ला! आणि मातीशीं त्याची ओळख कांहीं आजची नव्हे. पोळ्याला मातीचे बैल करून पुजण्याची चाल आमच्याकडे जुनी आहे. तो बैल घरींच घडतो आणि घरींच रंगतो. मग स्वारांनींच तेवढें बाजारांतून सजून कां यावें?

गेल्या दिवाळींत बोरीस आमच्या आळींतल्या मुलांनीं पंचवीस स्वारांचें एक पथक स्वतः घडवून रंगविलें. पहिला धडा त्यांना मातीनें दिला. आमच्याकडील काळी माती ओली असतां लोण्यासारखी मऊ, पण वाळतांना आकसते आणि तडकते. तींत राख, वाळू आणि तूस कालवल्याखेरीज घोड्याचा पाय टिकत नाहीं. दुसरा धडा रंगाचा. रंग घरांतलेच घेतले: गेरू, चुना, काजळी, हळद. ताज्या चुन्याच्या अस्तरावर हळदीचा हात फिरतांच पिवळे फेटे लाल झाले! हळद आणि चुना मिळून कुंकवाचा रंग होतो, हें आजीबाईंस ठाऊक असलेलें रसायनशास्त्र आठवींतल्या मुलास त्या दिवशीं प्रथम कळलें. तिसरा धडा धीराचा. रंगाचा जाड थर दिला, कीं नाक, मिशी आणि तलवारीची मूठ एकाच लपक्यांत बुडून जातात. म्हणून पातळ रंगाचे दोन हात द्यावे आणि पहिला वाळेपर्यंत थांबावें. आधीं अंगाचा रंग, मग अंगरखा, मग शेला, आणि डोळे सर्वांत शेवटीं. अंगरख्याच्या चुण्यांत पातळ काजळी उतरली आणि उंचवट्यांवरून फिकट रंगाचा कोरडा कुंचला ओझरता फिरला, म्हणजे बोटभर मातींत जीव आल्यासारखा वाटतो.

परंतु सर्वांत मोठा धडा कंटाळ्याचा आहे. पहिला स्वार हौसेनें रंगतो, पांचवा सवयीनें. बाराव्याला हात दुखूं लागतो आणि विसाव्याला मन बंड करतें. सरदाराच्या फेट्यास सारे हात पुढें येतात; मागल्या रांगेंतल्या स्वारास कोणी वाली उरत नाहीं. तरी तोही रंगवावा लागतो, कारण त्याच्यावांचून पथक पुरें होत नाहीं. एक शूर पुरुष आणि त्याच्यामागें बिनचेहऱ्याची गर्दी म्हणजे सैन्य, हा जो भ्रम आमच्या व्याख्यानांनीं आणि चित्रपटांनीं पोसला आहे, तो त्या विसाव्या स्वारापाशीं गळून पडतो.

येथेंच इतिहासाचा प्रश्न येतो. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदानें शिवाजी महाराजांच्या पागेची रचना नोंदून ठेविली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. आणि त्या पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद. ज्याला घोडा सरकारांतून मिळे तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा आणी तो शिलेदार. पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा या दोघांस ज्या राजानें फौजेच्या हिशेबांत स्थान दिलें, त्याच्या थोरवीचें मर्म तलवारीइतकेंच पखालींतही आहे. बाजारच्या सैन्यांत पखालजी कोणी पाहिला आहे काय? नालबंद कोणी मागितला आहे काय? तेथें सारे मावळे एकाच साच्यांतले, एकाच मिशीचे, एकाच रंगाच्या फेट्याचे. त्या काळच्या स्वारांस आजच्या पलटणींसारखा एकसारखा गणवेश नव्हता. पण तयार माल मांडणाऱ्या मुलास ही शंका यावी कोठून? कुंचला हातीं असलेल्या मुलास ती पहिल्याच फेट्यापाशीं येते: याचा रंग कोणता असावा? ज्याला हा प्रश्न पडला त्याच्यासाठीं बखर उघडावी लागते. इतिहासाची गोडी लागते ती अशी. नुसत्या जयघोषानें ती लागत नाहीं.

परदेशचा दाखला दिल्यावांचून आमच्या विद्याविभूषित मित्रांचें समाधान होत नाहीं, म्हणून तोही देतों. इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें गेम्स वर्कशॉप नांवाची कंपनी आहे. मेजावर मांडावयाच्या सैन्यांचा ‘वॉरहॅमर’ हा तिचा खेळ १९८३ पासून चालू आहे. ती शिपाई विकते ते बहुतेक सुटे आणि कोरे. ते जोडावयाचे आणि रंगवावयाचे खेळणारानें. प्रौढ माणसें त्यासाठीं पैसे मोजतात आणि रात्रीमागून रात्री त्यांत घालवितात. ज्या व्यापारी देशास सर्व कांहीं तयार करून विकतां येतें, तेथेंही लोकांस कष्ट विकत घ्यावेसे वाटतात. आणि ज्यांच्या दारांत माती फुकट पडली आहे ते आम्ही कष्ट टाळण्यासाठीं पैसे मोजतों. यास काय म्हणावें?

कोणी म्हणेल, यांत मुलांचा वेळ जातो. जातो खरा. पण तोच वेळ मुलें दूरध्वनीच्या पडद्यापुढें घालवितात तेव्हां हा हिशेब कोठें जातो? दुसरा म्हणेल, तयार चित्र अधिक सुबक दिसतें. दिसेल, परंतु मुलाच्या हातचें वांकडें अक्षर पुसून त्याच्या वहींत छापील अक्षरें चिकटविणारा बाप आम्हीं अजून पाहिलेला नाहीं. तिसरा आक्षेप गंभीर आहे: खेळांतल्या सैन्यानें मुलांस युद्धाची आवड लागेल. एच. जी. वेल्स यानें खेळण्यांतल्या शिपायांच्या लढायांवर १९१३ सालीं ‘लिट्ल वॉर्स’ हें पुस्तक लिहिलें, आणि दुसऱ्याच वर्षीं युरोपांत महायुद्ध पेटलें. तथापि त्याच पुस्तकांत त्याचें म्हणणें असें, कीं हा लहान खेळ जो खेळला त्यास खरें युद्ध किती घोडचुकांचा कारभार असतो हें कळतें. आमची पुस्ती एवढीच, कीं ज्यानें पंचवीस चेहरे एकेक करून रंगविले, त्याच्या हातून पंचवीस माणसें नुसता आंकडा म्हणून सहजीं मोजलीं जाणार नाहींत.

राहतां राहिला कारागिराच्या पोटाचा प्रश्न. कुंभाराचा धंदा बुडावा असें आम्ही स्वप्नांतही म्हणणार नाहीं. उलट, त्याच्याकडे जा आणि भट्टींतून निघालेले कोरे स्वार मागा. वर एक पखालजी आणि एक नालबंद मुद्दाम सांगून घडवून घ्या, आणि त्याची किंमत तोंड वांकडें न करतां द्या. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा मावळा पाण्यांत टाकला तरी लौकर विरत नाहीं. घरीं घडवून वाळविलेला कच्च्या मातीचा स्वार पहिल्या पावसांत पुन्हां मातीस मिळतो, आणि पुढल्या वर्षीं नवा करावा लागतो. तो पुन्हां करावा लागतो यांतच त्याचें मोल आहे. पूर्वजांचा पराक्रम वारशानें फुकट मिळतो आणि तो मिरविला म्हणजे झालें, असें ज्यांस वाटतें त्यांनीं रंगीत मावळे खुशाल घ्यावेत. ज्यांस आपलीं मुलें त्या वारशाचीं नुसतीं मालक नव्हेत तर जाणतीं वारस व्हावींत असें वाटत असेल, त्यांनीं या दिवाळीस मूठभर गेरू, थोडी काजळी आणि दोन बारीक कुंचले आणावेत, आणि मुलांच्या हातीं देऊन आपण बाजूस व्हावें.