मंगळस्वारी : साहस हवे, घाई नको

५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावलेले मंगळयान अवघ्या सुमारे ४५० कोटी रुपयांत, पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत पोहोचले आणि प्रत्येक भारतीयाची मान उंचावली. आता मंगळावर माणूस धाडण्याची भाषा जगात सुरू आहे. यान पाठविणे आणि माणूस पाठविणे यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. यंत्राला अन्न-पाणी, प्राणवायू लागत नाही. मुख्य म्हणजे त्याला परत आणावे लागत नाही. पृथ्वीपासून केवळ चारशे किलोमीटरवर झेपावणाऱ्या गगनयानाच्या कार्यक्रमाची तरतूद, अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागासह, २०२४ मध्ये २०,१९३ कोटींवर गेली, ती यामुळेच. मंगळ जवळ येतो तेव्हाही साडेपाच कोटी किलोमीटर दूर असतो. एकेरी प्रवासच सहा ते नऊ महिन्यांचा, वाटेत किरणोत्साराचा मारा आणि संकटसमयी पृथ्वीचे उत्तर मिळण्यास ४० मिनिटांपर्यंत विलंब!

१ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावलासह सात अंतराळवीरांचा बळी गेला, तेव्हा कोलंबिया यान उतरण्यास केवळ १६ मिनिटे उरली होती. म्हणून साहस सोडावे असे नव्हे. संशोधनावरील खर्च ही उधळपट्टीही नव्हे. पण अंतराळवीराच्या शौर्याच्या भरवशावर राष्ट्रांनी प्रतिष्ठेची शर्यत लावू नये. आधी यंत्र, मग माणूस, हा क्रम भारताने स्वीकारला आहे. उशीर झाला तरी चालेल, तोच क्रम पाळला पाहिजे. मंगळावर ध्वज रोवण्याइतकेच तो रोवणाऱ्याला सुखरूप घरी आणणे हेही राष्ट्राचे कर्तव्य आहे.