सैनिकाचीं पोरकीं मुलें व कलेक्टरसाहेबांचें कर्तव्य

करंजाच्या धक्क्यावरून लाँचनें खाडी ओलांडून रेवसास उतरावें आणि तेथून अलिबाग गांठावें, तेव्हां जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचें दार लागतें. धडधाकट गृहस्थाचाही सबंध दिवस या खेपेंत जातो. ज्याचा बाप रणांत पडला आणि मागाहून आईही निवर्तली, अशा दहा वर्षांच्या पोरानें ही खेप कोणाचें बोट धरून करावी ?

आज्याचें किंवा चुलत्याचें, असें आमचे वाचक म्हणतील. पण येथेंच कायदा आडवा येतो. 1956 च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या 6 व्या कलमान्वयें अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप, व त्याच्या पश्चात् आई. पोटच्या लेकराप्रमाणें सांभाळणाऱ्या आज्याचें नांव त्या कलमांत नाहीं. मग मुलाच्या कुटुंबनिवृत्तिवेतनासाठीं त्याजकडे पालकत्वाचा दाखला मागितला, कीं 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखालीं जिल्हा न्यायालयाची पायरी चढणें आलें. वकील, मुद्रांक, नोटिसा, आणि तारखांवर तारखा ! म्हातारा कोळी दर तारखेस आपली होडी किनाऱ्यास बांधून ठेवील तर त्या दिवशीं घरांत खावें काय ? तुंबलेलें वेतन पुढेंमागें हातीं पडेलही. पण फी न भरल्यामुळें बुडालेलें शाळेचें वर्ष कोणत्या खजिन्यांतून परत मिळणार?

दाखलाच मागूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. पुतण्याचा पैसा गिळणारे चुलते वकिलीच्या धंद्यांत आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. आमचा आक्षेप इतकाच कीं, दाखल्याचा भार पोरक्यावर कां ? त्याच 1890 च्या कायद्याचें 8 वें कलम उघडून पाहावें. पालक नेमण्याविषयीं अर्ज करण्याचा अधिकार नातलगाप्रमाणें खुद्द कलेक्टरासही तेथें दिलेला आहे. आणि जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष तरी कोण ? तेच कलेक्टर ! सैनिक कामास आल्याची नोंदही सरकारच्याच दप्तरीं आहे. मग सरकारनें आपल्याच दप्तरांतील गोष्ट पोराकडून सिद्ध करवून घ्यावी, ही तऱ्हा आम्हांस विचित्र वाटते.

नौदलाचें शस्त्रागार ज्या करंजांत आहे, तेथें 'खुकरी'ची आठवण देण्याचें कारण नाहीं. 9 डिसेंबर 1971 रोजीं त्या युद्धनौकेबरोबर 18 अधिकारी व 176 खलाशी समुद्रांत गेले. त्या युद्धानंतर हुतात्म्यांच्या मुलांचा शिक्षणखर्च सरकारनें पतकरला. पुढें 1 जुलै 2017 पासून त्यावर दरमहा 10,000 रुपयांची मर्यादा घातली गेली. नौदलप्रमुख सुनील लांबा यांनीं संरक्षणमंत्र्यांस पत्र लिहिलें, बाहेरही ओरड झाली, तेव्हां मार्च 2018 मध्यें ती मर्यादा उठली. पोरक्यांच्या बाजूनें कोणी मोठा बोलला, म्हणून तें झालें !

आमच्या जिल्ह्यांत तें काम कलेक्टरसाहेबांनीं करावें. 8 व्या कलमाखालील अर्ज त्यांच्याच कचेरींतून, त्यांच्याच खर्चानें न्यायालयांत जावा, आणि नेमलेल्या पालकाचा हिशेब दर वर्षीं सैनिक कल्याण अधिकाऱ्यांनीं मुलाच्या घरीं येऊन तपासावा. उरण-पनवेलच्या व्यापारी व वकील मंडळींनींही असें मूल आपल्या गांवीं असल्यास कलेक्टर कचेरीस लेखी कळवावें, व पोंच घेण्यास विसरूं नये.