देवी मोडीत

फ्रेया ही उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स लोकांची देवी. मांजरांच्या रथातून हिंडते. गळ्यातल्या हारापायी तिने चार बुटक्यांना काय मोल दिले, ते बँकेतल्या कारकुनाने चारचौघांत सांगू नये. भाचीने तिचे चांदीचे पदक परदेशातून मागवले. शिक्का ९२५, म्हणजे हजारात पंचाहत्तर भाग इतर धातू! आणि आम्ही राहतो कुठे, तर चांदीसाठी नावाजलेल्या खामगावात, जिल्हा बुलढाणा.

ते पदक म्हणे 'कलाकृती', अन् आजीच्या देव्हाऱ्यातला रेणुकेचा टाक 'मोड'! मेहुणे तो वजनावर विकायला निघालेत. अहो, फ्रेयाला कुणी ग्रॅमवर तोलले का? पत्र्यावर ठोकून उठवलेले ते रूप वितळले की कारागिराचा हातही गेला. ती घट कुठल्या पावतीवर लिहितात? भाव चढलाय ना? मग आधी लग्नातले पेले मोडा.